रोखीचा नट

प्रशांत दामल्यांना टीव्हीवर इतकं पाहिलं होतं, की २०१९ साली ठाण्याच्या गडकरी रंगायतनला ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ची तिकिटं काढणं माझ्या जिवावर आलं होतं. पण सौ.पुढे बी.कॉम.चं गणित चालत नाही.

पडदा उघडला आणि कळलं, आजवर आपण या माणसाची नुसती झेरॉक्स बघत होतो! सिनेमातला विनोद म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. वटला की नाही, हे नटाला मागाहून कळतं. रंगभूमीवर सगळा व्यवहार रोखीचा. दामले वाक्य टाकतात, हशा मोजून घेतात आणि तो पुरता विरायच्या आत पुढचं वाक्य सोडतात. पाव सेकंदाची चूक झाली, की विनोद बाउन्स! कविता लाडही तितक्याच चोख. त्या नुसत्या ऐकत असल्या, तरी निम्मा हशा त्यांच्या खात्यात जमा होतो. गोष्ट म्हणाल तर बेताचीच. पण शिल्लक कमी असली, तरी हे दोघं खातं चालतं ठेवतात.

पुढे ६ नोव्हेंबर २०२२ रोजी, रविवारी, मुंबईत षण्मुखानंदला याच नाटकाने दामल्यांचे १२,५०० प्रयोग पुरे झाले. मी हिशेब मांडला. रोज एक प्रयोग धरला तरी ३४ वर्षं! आणि हशा दर वेळी नव्या कोऱ्या नोटेसारखा. माझ्या काउंटरवर दहाच्या गिऱ्हाइकाला मिळालेलं हसू साडेबाराच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही.

सोमवारी पासबुक भरायला आलेल्या आजींकडे बघून मी मनापासून हसलो.

त्यांनी शिल्लक दोनदा तपासून घेतली.