जिवाणूंचा संदेशवाहक आरएनए : एका विधानाची चिकित्सा

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकातून वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या हाती गेलेल्या क्रमिक पुस्तकांपैकी एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात असे प्रतिपादन आढळते की, कार्यक्षम होण्यासाठी जिवाणूंच्या संदेशवाहक आरएनएला कोणत्याही प्रक्रियेची गरज नसते. पाठांतरात मात्र ‘कार्यक्षम होण्यासाठी’ ही अट गळून पडते आणि ‘प्रक्रिया होतच नाही’ एवढेच उरते. पदव्युत्तर वर्गापर्यंत टिकून राहणारा हा समज तपासून पाहिला पाहिजे.

मूळ प्रतिपादनात तथ्य आहे. जिवाणूत केंद्रकाचा पडदा नसल्याने आरएनएचे लेखन चालू असतानाच रायबोसोम त्याचे वाचन सुरू करतात. परंतु प्रारंभाचाच विचार केला तर, सिग्मा घटकाच्या (शोध १९६९) साहाय्याने योग्य स्थळी सुरू झालेल्या या रेणूच्या ५′ टोकाशी सामान्यतः तीन फॉस्फेट गट असतात. आणि हे टोक पुढे तसेच राहते असे नव्हे. ई. कोलायमधील आरपीपीएच हे विकर त्यातील दोन गट काढून टाकते, हे २००८ मध्ये दाखविण्यात आले. उरलेले एकफॉस्फेटी टोक आरएनएज-ई या विकराला छेदासाठी विशेष अनुकूल ठरते.

छेद म्हणजे नाश, असे समीकरणही मांडता येत नाही. मूत्रमार्गात रोग उत्पन्न करणाऱ्या ई. कोलायमध्ये पॅप-बी आणि पॅप-ए ही जनुके एकाच आरएनएवर लिहिली जातात. आरएनएज-ईच्या छेदानंतर पॅप-बीचा भाग लवकर नष्ट होतो, पॅप-एचा तुकडा मात्र दीर्घकाळ टिकतो. म्हणूनच तंतूचे मुख्य प्रथिन विपुल तयार होते. याला ‘प्रक्रिया’ म्हणावयाचे नाही, तर काय म्हणावयाचे?

गोंधळाचा काही भाग परिभाषेचाही आहे. मराठीत ‘प्रक्रिया’ हा शब्द घडण्याचा क्रम आणि कच्च्या मालावरील संस्कार या दोन्ही अर्थांनी चालतो. दुसऱ्या अर्थी ‘संस्करण’ हा शब्द योजल्यास विद्यार्थ्याला निदान प्रश्न तरी नीट विचारता येईल. (या शब्दाला छपाईतील आवृत्तीचाही वास आहे, हे खरे, पण तो प्रयोगशाळेत फारसा अडणार नाही.)

याहून गंभीर त्रुटी उदाहरणांच्या निवडीत आहे. बहुतेक विवेचन ई. कोलायवर बेतलेले असते. क्षयाच्या जिवाणूत सुमारे एकचतुर्थांश संदेशांना पुढचा अग्रभागच नसतो; लेखनाचा आणि प्रथिनाचा प्रारंभ एकाच ठिकाणी होतो. तेथे शाइन-डालगार्नो क्रमाची सर्वपरिचित आकृती लागू पडत नाही, आणि ज्या देशात क्षयाचे रुग्ण सर्वाधिक आहेत, तेथील विद्यार्थ्याला हाच जिवाणू अपवाद म्हणूनही भेटत नाही.