स्वल्पविराम कुठे द्यावा?

‘बाबा शुद्धीवर नाहीत आले तर कळवतो.’ एका जुन्या विद्यार्थ्याचा हा निरोप परवा रात्री सांगोल्यात माझ्या मोबाइलवर आला. स्वल्पविराम ‘नाहीत’नंतर घ्यावा, की ‘तर’नंतर? पहिल्या अर्थी फोन गप्प राहणे वाईट, दुसऱ्या अर्थी चांगले. आणि फोन गप्पच होता!

मोडीत शब्दही तोडून लिहीत नसत, ही सबब मी पुष्कळदा ऐकली आहे. पण मेजर कँडीसाहेबांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून दिलेली सोय आपण निरोपांतून हद्दपार केली. (टिंबे मात्र तीन-तीन!) दोष माझाही आहे. वर्गात चिन्ह चुकले की मी अर्धा गुण कापला. अर्थ कसा फिरतो, ते कधी दाखवले नाही.

पहाटे फोन वाजला. बाबांनी चहा मागितला होता.