मफलरची मैफल

"मामा, या खेपेला येताना कान साफ करून या. मला मफलर निवडायचाय," असा भाच्याचा फ्रीमाँटहून फोन आला आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात काढूनही पोराला गळ्याभोवती काहीतरी गुंडाळावंसं वाटतंय, म्हणजे संस्कार अगदीच वाया गेले नाहीत, असं हिने जाहीर केलं आणि लोकरीचे दोन मफलर विणायला घेतले. मफलरचा आणि कानांचा संबंध पुणेकराला निराळा समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला मफलर कानांवरून घेतला की थंडी वाजत नाही आणि न आवडलेला गवई अर्धाच ऐकू येतो.

तिथे पोचल्यावर खुलासा झाला. आपण मोटारीच्या ज्या अवयवाला सायलेन्सर म्हणतो त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. भाच्याने माझदाची एमएक्स-५, म्हणजे त्या लोकांची लाडकी मियाटा, घेतली होती. छप्पर उघडणारी, दोन माणसांची गाडी. तिसरं माणूस घरी राहतं, आणि ते तिसरं माणूस मी असावं असं गाडीत शिरताना माझ्या गुडघ्यांचं स्पष्ट मत पडलं. तर या गाडीला कंपनीने दिलेला सायलेन्सर काढून त्याला दुसरा बसवायचा होता.

"का? हा बिघडला?"

"छे! उत्तम आहे. पण आवाज करत नाही."

सायलेन्सरबद्दल ही तक्रार मी आयुष्यात प्रथमच ऐकली. अंधार पडत नाही म्हणून कंदील बदलण्यातला हा प्रकार. वास्तविक या बाबतीत मनुष्यजातीची वाटचाल उलट दिशेने झालेली आहे. हायरम मॅक्सिम नावाच्या गृहस्थाने १८८४ च्या सुमारास मशीनगन शोधून काढली आणि तिचे बार ऐकता ऐकता स्वतः बहिरा झाला. त्याच्या मुलाने पुढे बंदुकीचा सायलेन्सर काढला आणि १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं. इंजिनं गप्प करण्याचा उद्योगही त्याने केला. बापाने केलेला आवाज मुलाने निस्तरला. आमच्याकडे मुलगा हजार डॉलर घेऊन आवाज आणायला निघाला होता.

मला बोलावण्याचं कारण एवढंच, की मी वीस-बावीस वर्षं एका साप्ताहिकात गाण्याच्या मैफलींवर लिहीत असे. गवयांनी ते कधी वाचलं नाही हा त्यांचा मोठेपणा. पण भाच्याच्या मते आवाजावर अधिकाराने बोलणारा घराण्यात मी एकटाच.

परीक्षेआधी अभ्यास झाला. हा माल दोन तऱ्हांचा. एकात फक्त मागच्या चाकांपाशी असलेला डबा बदलायचा. दुसऱ्याचं नाव कॅट-बॅक. यातली कॅट म्हणजे मांजर नव्हे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या मागचं सगळं बदलायचं. खुद्द कॅटला मात्र कॅलिफोर्नियात हात लावायचा नाही. धातूवरही वाद आहेत. स्वस्तातलं ४०९ नंबरचं स्टील वरून तांबूस गंजतं, ३०४ नंबरचं चकचकीत राहतं. हे ३०४ म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यांचंच स्टील, हे कळल्यावर हिने त्या पाइपांची किंमत विचारली, आणि तेवढ्यात मोडीवर भांडी किती येतील याचा हिशेब सुरू केला.

शनिवारी सकाळी एका दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मियाटावाल्यांचा मेळावा भरला. प्रत्येकाच्या बुडाशी निराळा सायलेन्सर. मी घडीची खुर्ची टाकून बसलो. वही काढली. ती जुनी टिपणं आता समोर आहेत.

पहिला कलावंत: आतून जवळजवळ सरळ नळी, भोवती भोकं आणि काचेची लोकर. तोंड एवढं मोठं की त्यात नारळ जावा. हा किल्ली फिरवल्याबरोबर जो तानेवर चढतो तो उतरतच नाही. आलाप नाही, बढत नाही, विश्रांती नाही. टाळीसाठीच गाणारे गवई असतात, त्यातला. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांना आवाजाची ९५ डेसिबलची मर्यादा आहे. हा तिला खेटून गातो आणि त्याचाच अभिमान बाळगतो. गंमत म्हणजे तिकडे लगूना सेकाच्या शर्यतीच्या मैदानावरसुद्धा आवाजावर मर्यादा आहे. आपल्याकडे पोलिसांनी बुलेटचे असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं मी पाहिली आहेत. समीक्षेचा तो प्रकार मला थोडा कठोर वाटे. आता वाटत नाही.

दुसरा: टायटॅनियमचा. वजनाला हलका, दिसायला निळसर-जांभळा, किमतीला जड. आवाज पत्र्याचा. गळा पातळ, पण वरच्या पट्टीत, पाच हजार फेऱ्यांच्या पुढे, खरोखरच गोड. फक्त तिथे पोचायला रस्ता मोकळा लागतो आणि कायद्याने डोळा मिटायला लागतो.

तिसऱ्याने मला जिंकलं. भरदार, घुमारेदार, खालच्या सुरात आब असलेला. "हा!" मी खुर्चीतून उठून म्हणालो. गाडीचा मालक भाच्याचा मित्र निघाला. त्याने नवा सायलेन्सर मागवलेला असल्यामुळे हा आठवडाभर उसना दिला. दोन नट, रबराच्या दोन-चार कड्या, एक शिवी आणि काम फत्ते.

रविवारी आम्ही हायवेला लागलो. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मग सगळे जातात त्या वेगाला गाडी स्थिरावली, काटा ३१०० वर टेकला आणि माझ्या मागच्या दाढेत काहीतरी वाजायला लागलं. हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीला दोन स्फोट करतं. मिनिटाला ३१०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १०३ स्फोट. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या पंचमाची कंपनं सेकंदाला १०४. म्हणजे सुरात होतं हो! तक्रार सुराबद्दल नाही. पण तंबोरा लागलाय, जुळलाय, चाळीस मिनिटं एकच तार छेडली जातेय आणि गवई काही येत नाही, अशी मैफल तुम्ही कधी ऐकली आहे? यालाच ती मंडळी ड्रोन म्हणतात. तो मारायला पाइपाच्या कुशीतून बंद तोंडाची आणखी एक नळी काढतात. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये असले कप्पे-आडोसे आधीच असतात, आणि तेच काढायला आपण पैसे मोजतो.

परतताना मी भाच्याला मुद्द्याचं विचारलं. "हे सगळं कशासाठी रे?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, नानांची लॅम्ब्रेटा आठवते?"

न आठवून कसं चालेल? नाना म्हणजे त्याचे वडील, आमचे मेहुणे. त्यांच्या स्कूटरच्या सायलेन्सरला भोक होतं. ते त्यांनी कधी बुजवलं नाही. बोळाच्या तोंडाशी फट्‌फट् झाली की वाड्यात कॅरम आवरला जाई, पुस्तकं उघडत आणि ताईचा चहा चढे. नाना गेल्यावरसुद्धा कोणाची तशी स्कूटर वाजली की ताई स्वयंपाकघरातून डोकावत असे.

"इथे गॅरेजचं दार आपोआप उघडतं," भाचा म्हणाला. "मी आलोय हे कोणाला कळतच नाही. पोरीला तरी..."

आता यावर डेसिबल काय सांगणार? पण मुरलेला समीक्षक गप्प बसत नाही. मी म्हटलं, या वाद्याची गोम अशी, की पैसे देणारा पुढे बसतो आणि तोंड मागे असतं. तू ऐकतोस तो फक्त घुमारा. गाणं फुटपाथवरचा माणूस ऐकतो, आणि त्याने तिकीट काढलेलं नसतं. तेव्हा निकाल फुटपाथवरून लागेल. उद्या हाच लावून ये, परवा जुना लाव. मी फाटकाशी उभा राहतो.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मफलर – लोकरीचा – गुंडाळून मी फाटकाशी उभा राहिलो. शेजारी झोक्यावर सहा वर्षांची नात. गाडी दोन गल्ल्या पलीकडे असतानाच कळली. समोरच्या घरातलं तान्हं बाळ जागं होऊन रडायला लागलं. त्याचा बाप खिडकीशी आला, आमच्याकडे बघून त्याने हसून हात केला. ते हसू पाहून मला रोडरोलर बरा वाटला. नातीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती आत निघून गेली.

मंगळवारी जुना सायलेन्सर. मी कान टवकारून उभा. काही नाही. कावळे, कोणाच्या तरी हिरवळीवरचं पाणी. एकदम नात झोक्यावरून उडी मारून म्हणाली, "बाबा आले!"

"कशावरून?"

"वळणावर गाडी 'हूं' म्हणते ना!"

मी काहीच ऐकलं नव्हतं. अर्ध्या मिनिटात गाडी कोपऱ्यावर दिसली. वळणाआधी दुसऱ्या गिअरमध्ये येताना भाचा ॲक्सिलरेटरला किंचित दाब देतो, त्याचं ते 'हूं'. १९८९ साली ही गाडी पहिल्यांदा निघाली तेव्हा माझदाच्या इंजिनिअरांनी तिच्या एक्झॉस्टच्या आवाजावर मुद्दाम मेहनत घेतली होती, असं मी वाचलं होतं. माझ्या वहीत त्याच्या नावावर एक ओळसुद्धा नव्हती.

जेवताना मी हे सांगितलं. भाच्याने घास तसाच ठेवला. पोरीला विचारलं, "रोज कळतं तुला?" ती म्हणाली, "रोजच." मग तो पानावरून उठला, हात धुतले आणि रात्री नऊ वाजता तिला बरोबर घेऊन 'हूं' ऐकायला निघाला. चालवत तिची आई होती. बापलेक कोपऱ्यावर उभे.

उसना सायलेन्सर शनिवारी परत गेला. हिने विणलेला एक मफलर भाच्याने ठेवून घेतला. छप्पर उघडलं की कानाला वारा लागतो म्हणतो. दुसरा मी परत आणलाय. डिसेंबर जवळ आलाच आहे.