तंबोऱ्याची जवारी आणि यंत्राचा स्वर

हुबळी-धारवाडकडील देवळांतून हल्ली भजनापूर्वी एक लहानशी पेटी उघडली जाते, कळ दाबली जाते आणि तंबोरा सुरू होतो. निदान तंबोऱ्यासारखे काही तरी सुरू होते. वाद आहे तो या ‘सारखे’ शब्दापाशी. केवळ यंत्र म्हणून त्याचा धिक्कार करणाऱ्यांच्या पंक्तीस प्रस्तुत लेखक बसत नाही. बाजाच्या पेटीलाही आकाशवाणीने १९४० साली बंदी केली होती. आज पेटीवाचून भजनाची कल्पनाही आपणांस करवत नाही.

बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा १९७९ साली घडविला. पुढे १९८४ मध्ये जपानच्या कॅसिओ कंपनीने सीझेड-१०१ हे वाद्य काढले. त्यातील युक्ती मोठी विलक्षण आहे. समजा, एक भक्त देवळाला प्रदक्षिणा घालीत आहे आणि प्रत्येक फेरीस त्याला नेमका तेवढाच वेळ लागतो. तो सारख्या चालीने चालला, तर जो स्वर निघेल तो शुद्ध, गुळगुळीत आणि काहीसा निर्जीव. आता त्याने अर्धी फेरी झपाझप व उरलेली रेंगाळत पुरी केली असे माना. फेरीचा एकूण वेळ न बदलल्यामुळे षड्ज ढळत नाही. परंतु चाल विषम झाल्याने त्याच षड्जातून वरचे स्वयंभू स्वर उमटू लागतात. या यंत्राच्या स्मृतीत नोंदलेली साधी लहर अशाच विषम गतीने वाचली जाते. ही विषमता किती असावी हे आठ टप्प्यांनी कमीअधिक करता येते, म्हणून स्वर तेजाळतो आणि मावळतो. काटकसरीतून साधलेले हे कौशल्य खरोखर वाखाणण्याजोगे आहे.

आपल्या तंबोऱ्यातही साध्या तारेतून तेज काढण्याचेच काम चालते, पण ते घोडीवर. घोडीची पाठ किंचित बाकदार असते; तार तिला पुनःपुन्हा स्पर्शते, आणि तारेखाली सरकविलेला सुताचा दोरा तो स्पर्श नेमका जुळवून देतो. जेथे तार छेडावी तेथे ज्यांचा निःस्पंद बिंदू पडतो ते स्वयंभू स्वर नियमाप्रमाणे मुके राहावयास हवेत. पण तंबोऱ्यात तेही बोलतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. शिवाय हे स्वर एकदम उसळून एकदम विरत नाहीत. कोणी आधी उमलतो, कोणी मागाहून, आणि प्रत्येकाचे मावळणे निराळे. विषमतेची एकच दोरी ओढणाऱ्या यंत्रात हे सारे स्वर एकाच लगामाने हाकले जातात. माझा आक्षेप आहे तो एवढाच. पण तो लहान नव्हे.

मग आजच्या पेट्यांत व दूरध्वनीत खऱ्या तंबोऱ्याचे मुद्रण वाजते, त्याचे काय? तेथे जवारी खरी असते, पण तेच आवर्तन पुनःपुन्हा फिरते. तास दीड तास कान त्यावर ठेवून पाहावा. तो थकत नाही, पेंगतो.

आणखी एक गोष्ट. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास सवाई गंधर्वांकडे शिकावयास जात. त्या परंपरेत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणे हाही एक पाठच होता: जोडीच्या दोन तारांतील तरंग निवेपर्यंत मणी सरकवायचा, आणि ऐकायचे. पेटीत तो तरंग आधीच निवालेला असतो. तालमीला ती खुशाल वापरावी. उत्सवाच्या रात्री मात्र मिरजेचा तंबोरा गवसणीतून बाहेर काढून एखाद्या मुलाच्या हाती द्यावा.