‘राग’ : शब्दार्थ, व्यवहार आणि मराठी समीक्षा

प्रास्ताविक :
भावनावाचक शब्दांचा विचार आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा रससिद्धान्ताच्या आधारे केला जातो. भरताच्या नाट्यशास्त्राने रौद्र रसाचा स्थायिभाव ‘क्रोध’ सांगितला. मराठीतील ‘राग’ हा या क्रोधाचाच बोलीतील पर्याय होय, असे गृहीत धरून पात्रांचे विवेचन होत असते. हे गृहीतक तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दार्थाचे स्थित्यंतर :
संस्कृतात ‘राग’ हा शब्द ‘रञ्ज्’ धातूपासून सिद्ध होतो. रंगणे, अनुरक्त होणे हा त्याचा मूळ भाव. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञलक्षणांत राग आणि क्रोध यांचा पृथक् उल्लेख आहे. योगसूत्रांतील पाच क्लेशांमध्ये राग व द्वेष शेजारी असले, तरी परस्परविरुद्ध आहेत. मराठीत मात्र ‘राग’ म्हणजे कोप. जुना अर्थ अनुराग, वैराग्य यांसारख्या शब्दांत टिकून आहे. हिंदीत हे स्थित्यंतर घडले नाही. तेथे कोपासाठी ‘गुस्सा’ हा शब्द रूढ आहे. तरीही मराठी रागात आपलेपणाचा धागा पूर्णतः तुटलेला नाही. परक्याच्या वागण्याने चीड येते. आपल्या माणसाचा राग येतो, तो धरला जातो आणि समजूत काढल्यावर जातोही.

व्यवहारातील उपयोग :
‘मला राग आला’ या वाक्यात राग हा कर्ता असून अनुभवणारी व्यक्ती चतुर्थीत आहे. दया येते, आनंद होतो, भीती वाटते, या सर्वांची रचना अशीच असल्याने केवळ एवढ्यावरून सामाजिक निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. परंतु रागासाठी ‘रागावणे’ हे स्वतंत्र क्रियापदही आहे आणि त्याचे दोन प्रयोग लक्षणीय आहेत. ‘आई मुलावर रागावली’ यात भावना आहे. ‘आई मुलाला रागावली’ यात खडसावण्याची कृती आहे. ‘प्राध्यापक विद्यार्थ्याला रागावले’ हे वाक्य सहज वाटते. ‘विद्यार्थी प्राध्यापकांना रागावला’ हे ऐकताच हसू येते. राग कोणालाही येतो, पण दुसऱ्याला रागावण्यासाठी अधिकार लागतो. ज्याला तो नाही, त्याचा राग गिळला जातो किंवा वड्याचे तेल वांग्यावर निघते.

समीक्षेच्या दृष्टीने :
हा भेद वाचनात उपयोगी पडतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४-३६) रेव्हरंड टिळकांचा शीघ्रकोप वारंवार येतो. समीक्षेने तो त्यांचा तापट स्वभाव म्हणून नोंदवला, तर लक्ष्मीबाईंच्या कथनातील विनोदाला दाद दिली. ही दाद यथार्थच आहे. मात्र पतीला रागावण्याचा अधिकार नसलेल्या पत्नीचा राग याच विनोदातून वाट काढतो, हे फारसे पाहिले गेले नाही. तेथे क्रोध शोधणाऱ्यास काहीच सापडणार नाही, कारण रौद्राची कोणतीही लक्षणे त्यात नाहीत.

दलित पँथरच्या स्थापनेच्या (१९७२) काळात आणि त्यानंतर ‘विद्रोह’ ही संज्ञा समीक्षेत रुजली, तिचे महत्त्वही येथे स्पष्ट होते. राग येतो, विद्रोह केला जातो. ज्यांना रागावण्याचा अधिकार नाकारला होता, त्यांना या शब्दाने कर्तेपण दिले. तथापि प्रत्येक दलित आत्मकथनातील रागाला विद्रोह म्हटले, की घरातल्या, आपल्या माणसांवरच्या, गिळलेल्या रागाची नोंद पुसली जाते.

समारोप :
क्रोध, राग आणि विद्रोह या एकाच भावनेच्या चढत्या पायऱ्या नव्हेत. क्रोध ही शास्त्राची संज्ञा, विद्रोह ही चळवळीची, आणि राग हा घराचा शब्द आहे. साहित्यकृतीत कोणाला राग येतो आणि कोण कोणाला रागावतो, हा साधा प्रश्न वर्गात विचारला, तरी त्या कृतीतील सत्तासंबंध विद्यार्थ्यांसमोर उलगडू लागतील. रसाचे नाव त्यानंतर शोधावे.