संवाद-संकल्पनाचा पदव्युत्तर अभ्यास : हातातले ज्ञान आणि प्रबंधाची भाषा

व्यवसायात दहा-पंधरा वर्षे काढलेला संकल्पनकार विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून येतो तो कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही. त्याला काम येत नाही म्हणून तो येतो, असे म्हणता येणार नाही. जाहिरातीची मांडणी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, रुग्णालयातील दिशादर्शक फलक, अक्षरांचा एखादा नवा संच, यांपैकी काही ना काही तो रोज करीतच असतो. आणि पुष्कळदा त्याला शिकविणाऱ्यांपेक्षा ते अधिक सफाईने करीत असतो. मग विद्यापीठाजवळ त्याला देण्यासारखे असे काय आहे? या प्रश्नाची जी उत्तरे रूढ झाली आहेत ती मला अपुरी वाटतात. ती का अपुरी वाटतात, हे मुख्यतः देवनागरी अक्षरांच्या संकल्पनातील उदाहरणे घेऊन तपासावयाचे येथे योजिले आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'डिझाइन' या शब्दासाठी मराठीत आरेखन, अभिकल्प, संकल्पन असे पर्याय सुचविले गेले. पण व्यवसायाच्या तोंडी त्यांपैकी एकही बसला नाही. तेथे 'डिझाइन'च चालते. अक्षर, चित्र आणि मांडणी यांच्या द्वारे अर्थ वाचकापर्यंत पोचविण्याची जी योजना, तिला या लेखात 'संवाद-संकल्पन' म्हटले आहे. शब्द घडीव आहे, हे मान्य. तो इतका घडीव का वाटतो, याचा विचार पुढे ओघाने येईलच.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत व्यापारी कलेचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. त्याच वर्षी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था अस्तित्वात आली. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरची स्थापना झाली व १९८४ मध्ये तेथे दृक्-संवादनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. यांतील आरंभीच्या शिक्षणाचा हेतू सरळ होता. छापखान्यांना आणि जाहिरातसंस्थांना माणसे हवी होती, ती तयार करावयाची. पदव्युत्तर अभ्यास आला तेव्हा मात्र हा हेतू पुरेसा राहिला नाही. आणि त्याच्या जागी दुसरा कोणता हेतू ठेवावयाचा, हे स्पष्टपणे ठरविलेही गेले नाही.

या संधिकाळाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांचे. दोन दशकांहून अधिक काळ ते उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक होते, आणि १९८३ मध्ये ते पवईस प्राध्यापक म्हणून आले. सुलेखनकार, अक्षरसंकल्पक, शिवाय मराठीत दृश्यकाव्य लिहिणारे कवी, असा हा माणूस. व्यवसायातून विद्यापीठात ज्ञान यावे तर ते अशा माणसाकरवी. पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करताना त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी टंक सिद्ध केला, आणि विंडोज २००० बरोबर तो लक्षावधी पडद्यांवर गेला. आज मराठी वा हिंदी मजकूर संगणकावर वाचणाऱ्या क्वचितच कोणाच्या डोळ्यांपुढून 'मंगल' गेला नसेल. पण त्याचे रेखाकार कितीही निरखले तरी त्यांतून सर्व काही कळत नाही. लहान आकारात, मोजक्या चौकटींच्या पडद्यावर, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकाच ओळीत बसवावयाचे म्हणजे मधल्या अक्षराची उंची कोठे तरी कापावी लागते. ती किती कापावी, आणि कापताना 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील भेद कसा राखावा, असे निर्णय अशा कामात शेकड्यांनी घ्यावे लागतात. अक्षर दिसते ते घेतलेल्या निर्णयाचे; टाकून दिलेले पर्याय त्यात दिसत नाहीत.

हा मुद्दा मान्य केला म्हणजे एक लोकप्रिय मत बाजूस सारावे लागते. ते मत असे की, कलाकृती हेच संशोधन होय; तिच्याबरोबर शब्दांची काही आवश्यकता नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचे संशोधन, कलेच्या द्वारे संशोधन आणि कलेसाठी संशोधन असे तीन प्रकार मांडले. तेव्हापासून या विषयावरील जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्यांची हजेरी लागलेली असते. तथापि विचार ज्यात कलाकृतीतच सामावलेला असतो त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल स्वतः फ्रेलिंग साशंक होते, ही गोष्ट त्यांचा दाखला देणारे सोयीस्करपणे विसरतात. माझ्या मते त्यांची शंका रास्त होती. ज्याच्याशी वाद घालता येत नाही ते ज्ञान असेल, कौशल्य असेल, क्वचित प्रतिभाही असेल. पण त्याला संशोधन म्हणावयाचे तर ते दुसऱ्याला तपासता आले पाहिजे.

याच्या उलट टोकाचा दोष अधिक व्यापक आहे. विद्यार्थ्याला चिन्हमीमांसा, आकलनाचे मानसशास्त्र, माध्यमविचार यांचे चार-सहा ग्रंथ वाचावयास द्यावयाचे आणि त्यांतील परिभाषा त्याच्या कामाभोवती गुंडाळावयास लावावयाची. ज्याने फलकावरील अक्षरांची जाडी नजरेच्या अंदाजाने बरोबर ठरविली, तोच त्या जाडीविषयी लिहावयास बसला की ग्रंथाच्या आवाजात बोलू लागतो. त्याची नजर कोठे होती, तिने काय पाहिले, हे प्रबंधात येतच नाही. डोनल्ड शॉन यांच्या १९८३ मधील ग्रंथाचा आधारही असाच उथळपणे घेतला जातो. काम चालू असतानाच विचार चालू असतो, हे त्यांचे प्रतिपादन सर्वांना पाठ असते; परंतु ते त्यांनी कशावरून केले? वास्तुकलेच्या एका शिक्षकाचे विद्यार्थिनीच्या नकाशावर रेघा काढता काढता चाललेले बोलणे शब्दशः टिपून घेतलेले होते, आणि त्याची त्यांनी बारकाईने चिकित्सा केली. त्यात बोलणे आणि रेघ एकमेकांवाचून कळत नाहीत. आपल्या अभ्यासक्रमांना त्यातून उचलण्यासारखी गोष्ट होती ती हीच टिपून घेण्याची रीत. आपण सुभाषित तेवढे उचलले.

लिहिणारा व्यवसायी कसा असावा याचा एक नमुना आपल्याजवळ १९५८ पासूनच आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने त्या वर्षी जो अहवाल सादर केला, त्यातील लोट्याविषयीचा भाग प्रसिद्ध आहे. लोट्याची स्तुती म्हणून तो नेहमी उद्धृत होतो. प्रत्यक्षात त्याचे बळ आहे ते त्यातील प्रश्नांत : लोट्यात पाणी किती मावावे, तो धरणारा हात केवढा, तो डोक्यावरून न्यावयाचा की कमरेवरून, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कोठे राहतो, ओतताना धार कशी पडते, त्याला किंमत किती पडते, ठोकला असता त्याचा नाद कसा येतो. दोघेही हाडाचे व्यवसायी होते. त्यांनी कोणाचा सिद्धांत उसना घेतला नाही. हाताला माहीत असलेल्या गोष्टी त्यांनी प्रश्नांच्या रूपात क्रमाने मांडल्या, आणि त्यामुळे त्यांवर दुसऱ्याला बोलता येऊ लागले.

आता मराठीतील एक प्रश्न घेऊ. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतील फरक शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. एकात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा अर्थभेद केवळ 'र'च्या रूपावर उभा आहे. एकीकडे शिरोरेषेवरचा रफार, दुसरीकडे पुढील व्यंजनास चिकटलेला आडवा, पापणीसारखा 'र'. संगणकात हे दुसरे रूप साधण्याच्या दोन रीती आहेत. एकीत 'र'खाली नुक्ता असलेले 'ऱ' हे स्वतंत्र वर्णचिन्ह घेऊन त्याचा पाय मोडतात; दुसरीत साधा 'र' घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्याला दोन्ही शब्द सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते भिन्न आहेत. म्हणून एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास सापडेलच असे नाही. 'ल' आणि 'श' यांची कथा याहून विचित्र आहे. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' यांना युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे. वळणाचा भेद टंकावर आणि मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेवर सोपविलेला आहे. ती खूण कोणी लावली नाही, अथवा वापरातल्या प्रणालीने ती जुमानली नाही, म्हणजे मराठी मजकुरात हिंदी वळण उमटते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने वर्णमाला व वर्णलेखन यांचे प्रमाणीकरण केले आणि २०२२ मध्ये त्यात सुधारणा केली. तरीही पहिलीतील मूल वहीत एक 'ल' गिरविते आणि हातातल्या पडद्यावर दुसराच 'ल' वाचते, असे आजही घडते.

व्यवसायी संकल्पनकारापुढे हा प्रश्न येतो तो ग्राहकाच्या कामातून, आणि तो त्याची तोड काढतो. एखाद्या पाठ्यपुस्तकासाठी तो टंकातील रूपच बदलून घेतो, मुदतीत काम देतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रश्न ग्राहकाचा आहे आणि वेळही ग्राहकाचा आहे. विद्यापीठाने त्याला काही द्यावयाचे असेल तर हा प्रश्न ग्राहकाच्या हातून सोडवून घेण्याची मोकळीक द्यावी. वळणाचा भेद नवशिक्या वाचकाला खरोखर अडखळवितो काय? दोन वळणे वेगळी कधी पडली? शासन, यंत्रनिर्माते आणि अक्षरसंकल्पक यांपैकी कोणाचा शब्द कोठे चालला? हे शोधण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि नेमकी तीच व्यवसायात मिळत नाहीत.

असे होऊ शकते याचा दाखला बंगालीत आहे. फिओना रॉस या १९७८ पासून लायनोटाइप कंपनीच्या इंग्लंडमधील शाखेत भारतीय लिप्यांच्या टंकांचे काम पाहत होत्या. कलकत्त्याच्या आनंदबाजार पत्रिकेसाठी त्याच सुमारास जो नवा बंगाली टंक घडत होता, त्यात टिम हॉलोवे यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. आणि १९८८ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत त्यांनी पीएच.डी. मिळविली ती बंगाली मुद्राक्षरांच्या इतिहासावर. १७७८ च्या हॅलहेडच्या व्याकरणापासून पुढचा हा इतिहास आहे. १९३५ च्या सुमारास ओतीव धातूच्या लायनोटाइप यंत्राच्या सोयीसाठी बंगाली जोडाक्षरांची जी काटछाट झाली होती ती लिपीच्या स्वभावातून आलेली नव्हती. ती यंत्राच्या मर्यादेतून आली होती. यंत्र बदलले तेव्हा जोडाक्षरे परत आणता आली. परत काय आणावयाचे, हे सांगण्यास इतिहास जाणणारा व्यवसायीच हवा होता. येथे प्रबंध हा कामाचा अलंकार नव्हता. पुढे रीडिंग विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, आणि तेथील टंकसंकल्पनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात टंकाबरोबर लेखनही करावे लागते, याचे महत्त्व मला यामुळेच वाटते.

आपल्याकडे असे काम झाले नाही असे नव्हे. अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणावरचा ग्रंथ १९५८ चा. मुद्रणव्यवसायात मुरलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले, ते महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. गिरीश दळवी यांनी पवई येथे पीएच.डी.साठी देवनागरी टंकांच्या वर्णनाचा एक वैचारिक आराखडाच सिद्ध केला. ते स्वतः टंक घडविणारेही आहेत. पण हे सर्व इंग्रजीत आहे. भाषा संचालनालयाने काढलेला ग्रंथ इंग्रजीत असावा यावर टीका करणे सोपे आहे. नाईकांना सर्व प्रांतांतील मुद्रकांपर्यंत पोचावयाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ती टीका निम्मी गळून पडते. मराठीतही त्यांनी 'भारतीय ग्रंथमुद्रण' लिहिले. उरलेली निम्मी टीका मात्र विद्यापीठांवर येते. काना, मात्रा, वेलांटी, रफार, शिरोरेषा, गाठ, दंड. खिळा, जुळारी, फर्मा : इतका शब्दसंग्रह हाताशी असताना आमचा विद्यार्थी 'श'च्या गाठीविषयी परक्या परिभाषेत लिहितो, कारण परीक्षकाला तीच कळते. नंतर हेच लिखाण मराठीत आणावयाचे झाले की घडीव शब्दांची रास पडते. आरंभी 'संवाद-संकल्पन' हा शब्द घेताना मला जी कुचंबणा झाली तिचे मूळ येथे आहे.

यावर असा आक्षेप येईल की, टंकाचे तंत्र जागतिक आहे, त्याच्या प्रणाली इंग्रजीत लिहिल्या जातात, आणि मराठीत लिहिलेला प्रबंध पुण्या-मुंबईपलीकडे कोण वाचणार? आक्षेपात तथ्य आहे. आणि प्रबंध इंग्रजीत लिहू नये असे माझे म्हणणेही नाही. परंतु ज्या निर्णयांचा हिशेब प्रबंधात द्यावयाचा ते निर्णय मराठी वाचणाऱ्या डोळ्याने घेतलेले असतात, आणि पुष्कळदा मराठीतच बोलून घेतलेले असतात. सहकाऱ्याला 'हा उकार जरा ओढ', 'याचे पोट भरले' असे सांगताना संकल्पनकार जे बोलतो, तो त्याचा पहिला पुरावा होय. तो पुरावा प्रबंधाच्या परिशिष्टात जसाच्या तसा, टाकून दिलेल्या आराखड्यांसह, का जोडला जाऊ नये? सध्या प्रकल्पाचा अहवाल समस्या, पाहणी, आराखडे आणि अंतिम रूप अशा सरळ पायऱ्यांनी चढत जातो. कोणाचेही काम इतके सरळ झालेले मी पाहिलेले नाही. परीक्षकाने अंतिम रूपाइतकेच गुण फेटाळलेल्या पर्यायांच्या समर्थनासाठी राखून ठेवावेत, आणि तोंडी परीक्षेचा निदान अर्धा भाग त्या आराखड्यांसमोर बसून, ज्या भाषेत ते काढले त्या भाषेत घ्यावा. पवईस काय आणि अन्यत्र काय, यासाठी नवा विभाग किंवा नवी पदवी लागत नाही. चालू नियमावलीत एक परिशिष्ट आणि मराठी जाणणारा एक परीक्षक पुरेसा आहे.