‘शक्तिगुणक-सुधारणा’ : एका संज्ञेची चिकित्सा

पारिभाषिक संज्ञेची खरी कसोटी तिच्या व्युत्पत्तीत नसते. ती वाचणाऱ्याचा हात योग्य वस्तूकडे वळविते की नाही, यात असते. या कसोटीस ‘शक्तिगुणक-सुधारणा’ ही संज्ञा पुरती उतरत नाही.

कारखान्यात ‘पॉवर फॅक्टर’ या नावाने परिचित असलेला शक्तिगुणक म्हणजे प्रत्यक्ष शक्तीचे भासमान शक्तीशी असलेले गुणोत्तर. मोटारीत प्रवाह विद्युत्‌दाबाच्या मागे पडतो व हे गुणोत्तर घटते. तेथे धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, जोडले की दोष निवारतो. या दीर्घ परिचयामुळे ‘सुधारणा’ म्हणजे धारित्र जोडणे, हा अर्थ संज्ञेला चिकटला.

मोठ्या ध्वनिविवर्धकाचा दोष निराळा आहे. त्याच्या साध्या वीजपुरवठ्यात एकदिशकारकापुढे धारित्र असतेच. ते दाबाच्या शिखरापाशी क्षणभरच प्रवाह ओढून घेते. येथे प्रवाह मागे पडत नाही, त्याचा आकार बिघडतो. मूळ ५० हर्ट्‌झच्या तिप्पट, पाचपट कंप्रतेचे हरात्मक प्रवाह त्यात मिसळतात. २३० व्होल्टवर २,३०० वॅट घेताना शक्तिगुणक १ असल्यास १० अँपिअर पुरतात, तो ०.६५ असल्यास सुमारे १५.४ अँपिअर लागतात, म्हणजे १६ अँपिअरच्या प्लगची मर्यादा जवळ येते. त्रिकला जोडणीत तिप्पट कंप्रतेचे प्रवाह न्यूट्रल तारेत परस्परांस छेदत नाहीत. त्यांची बेरीज होते. येथे बाहेरून धारित्र जोडल्याने दोष जात नाही, उलट अनुस्पंदनाने तो वाढण्याचा संभव असतो.

खरी निवड निराळ्या गोष्टींत करावयाची असते. लोखंडी गाभ्याचे वेटोळे साधे खरे, परंतु किलोवॅटच्या मापात ते जड होते आणि दोष अंशतःच जातो. इलेक्ट्रॉनिक रचना दाब ३२५ व्होल्टच्या शिखरावर, सुमारे ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत, चढविते आणि प्रवाहाला दाबाचा आकार देते. तिच्या वेटोळ्यातील प्रवाह प्रत्येक फेऱ्यात शून्यावर येऊ दिल्यास त्याचे शिखर सरासरीच्या दुप्पट होते. ही रीत काहीशे वॅटांना शोभते. त्यापुढे अखंड प्रवाहाची किंवा आळीपाळीने चालणाऱ्या अनेक वेटोळ्यांची रचना इष्ट ठरते.

संगीताची मागणी मात्र सरळ रेषेत चालत नाही. दाबाचे नियंत्रण शीघ्र केल्यास प्रवाहाचा आकार पुन्हा बिघडतो. म्हणून ते मुद्दाम मंद ठेवावे लागते. पखवाजाच्या एका थापेची तत्क्षणीची गरज साठ्याच्या धारित्रानेच भागवावयाची असते. जे धारित्र आरंभी दोषी होते, तेच येथे आधार होते. एवढे अंतर एका ‘सुधारणे’च्या पोटात दडून राहते.

मूळ इंग्रजी संज्ञाही अशीच संदिग्ध आहे, हा आक्षेप खरा. तथापि घरगुती ध्वनिसाधनांस लागू होणारे आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाचे ६१०००-३-२ हे मानक त्यांच्या शक्तिगुणकावर नव्हे, हरात्मक प्रवाहांवर मर्यादा घालते. तिसऱ्या हरात्मकास ती २.३० अँपिअर आहे. मानक जो भेद पाळते तो मराठीनेही पाळावा. मोटारीसाठी ‘कला-सुधारणा’ व विवर्धकासाठी ‘आकार-सुधारणा’ असे दोन शब्द योजिल्यास, चुकीचे धारित्र उचलणारा हात वेळीच थांबेल.